शालेय परिचारिकांचे दूरस्थ शिक्षण आणि लॉगबुकावरची सही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिक्षकांवर लादल्या जाणाऱ्या अशैक्षणिक कामांविषयीची पत्रे आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांत जनगणना असते, मतदारयाद्या असतात, नाना प्रकारची सर्वेक्षणे असतात. मुलांच्या आरोग्याचे काम मात्र त्या यादीत सहसा दिसत नाही, कारण ते पुण्याचे काम आहे आणि त्याविषयी कुरकुर करणे बरे दिसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करावे आणि त्यांनी दर आठवड्याला ठरवून दिलेल्या अकरा विषयांवर मुलांशी बोलावे, अशी आखणी झाली. बोलणे, समजावणे हे शिक्षकांचेच क्षेत्र असल्याने या आखणीबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मूल चक्कर येऊन पडले, दम्याने कासावीस झाले किंवा मधुमेही मुलाची साखर एकाएकी उतरली, म्हणजे त्याच दोन शिक्षकांना हाक मारली जाते, आणि तेथे बोलण्याचे कौशल्य पुरे पडत नाही.

सत्तरी तालुक्यात अनेक वर्षे सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे. शाळांसाठी खास शिकलेल्या परिचारिका गोव्याने तयार कराव्यात, त्यासाठी नोकरीतल्या परिचारिकांना दूरस्थ पद्धतीने पदव्युत्तर शिक्षण द्यावे, परंतु त्यातला जो भाग हाताने शिकायचा असतो त्याच्या नोंदीवर तो भाग स्वतः पाहिलेल्या व्यक्तीचीच सही असावी, एवढे माझे म्हणणे आहे. पहिल्या दोन गोष्टींना फारसा कोणाचा विरोध होईल असे वाटत नाही. तिसरीसाठी हे पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

शाळेत परिचारिका असावी ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली शाळा तपासणारे डॉक्टर खुपऱ्या, गजकर्ण, उवा असलेल्या मुलांना वर्गातून काढून घरी पाठवीत. घरी उपचार करणारे कोणी नसल्यामुळे ती मुले आठवडेच्या आठवडे रस्त्यावर हिंडत राहत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, गरीब वस्तीत परिचारिकांची सेवा चालवणाऱ्या लिलियन वाल्ड यांनी आपल्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंटमधील लिना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभर चार शाळांत पाठवले. रॉजर्स यांनी मुलांना शाळेतच औषध लावले, घरोघर जाऊन आयांना ते कसे लावायचे हे दाखवले आणि मूल पुन्हा वर्गात बसवले. सप्टेंबर १९०२ मध्ये दहा हजारांहून अधिक मुलांना आजारापायी शाळेबाहेर काढले होते. पुढच्या सप्टेंबरात तीच संख्या अकराशेच्या आसपास उतरली. आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली, हे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पाठ असते, कारण ते परीक्षेत विचारले जाते. पुढे १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने पाहिले तेव्हा देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यातच जमा होती. तपासणीची कल्पना आपण उचलली, तपासणीनंतर त्या मुलाच्या मागे लागणारी परिचारिका तेवढी राहून गेली.

ती अजूनही राहिलेलीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक २०१३ पासून देशभर शाळा तपासते. पथकाच्या रचनेत दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे, जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब ही चार अंगे तपासायची आणि गरजेप्रमाणे मुलाला वरच्या रुग्णालयात पाठवायचे, असा त्याचा क्रम आहे. या पथकांमुळे हृदयाला छिद्र असलेली, ऐकू न येणारी मुले वेळेत सापडतात, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु पथक निघून गेल्यावर ज्या मुलाला चष्मा लिहून दिला त्याने तो आणला का, आणला तर घातला का, की ‘चार डोळे’ म्हणून चिडवतात म्हणून दप्तराच्या तळाशी टाकला, हे विचारणारे शाळेत कोणी नसते.

आता शिक्षणाकडे वळते. वीसेक वर्षांपूर्वी मी समाज आरोग्याचा एक दूरस्थ पदविका अभ्यासक्रम केला. तेव्हा माझी दोन मुले प्राथमिक शाळेत होती, आळीपाळीच्या ड्यूट्या होत्या, आणि दोन वर्षे वसतिगृहात राहून शिकणे मला जन्मात शक्य झाले नसते. टपालाने पुस्तके आली. रात्री भांडी आवरल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसून मी स्वाध्याय लिहिले. साथरोगशास्त्र मला कॉलेजात कधी नीट कळले नव्हते. ते त्या पुस्तकांतून कळले, कारण एकच पान सात वेळा वाचायला तेथे कोणी हसत नव्हते. दूरस्थ शिक्षणाला नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की वर्गात मागच्या बाकावर बसून न समजलेले शिकण्यापेक्षा घरी बसून समजलेले शिकणे कधीही बरे.

प्रात्यक्षिकांची कथा मात्र वेगळी होती. त्यासाठी राज्याबाहेरच्या एका अभ्यासकेंद्रात संपर्क सत्रे होत. त्या केंद्राचे नाव घेत नाही, कारण तेथल्या माणसांच्या हाताखाली शंभरावर विद्यार्थी होते आणि त्यांचीही अडचण मला दिसत होती. शेवटच्या दिवशी दुपारी चहा झाल्यावर सगळ्यांची लॉगबुके, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या, टेबलावर थप्पी लावून ठेवली गेली आणि समन्वयकांनी एकेक पान उलटत सगळ्या रकान्यांत सह्या केल्या. माझ्या वहीत ‘पन्नास शाळकरी मुलांची दृष्टितपासणी’ असा एक रकाना होता. त्या वर्षी मी एकाही मुलाचे डोळे तपासले नव्हते. सही त्यावरही झाली, आणि मीही वही मुकाट्याने पिशवीत टाकली.

पुढे पहिल्यांदा शाळेत डोळे तपासायला गेले तेव्हा आमच्या आरोग्य केंद्रातील ज्येष्ठ हेल्थ व्हिजिटर बाई बरोबर होत्या. मी भिंतीवर तक्ता टांगला, मुलाला समोरच्या भिंतीला टेकून उभे केले आणि वाचायला सांगितले. बाईंनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. त्या सुतळीला बरोबर सहा मीटरवर गाठ मारलेली होती. खोली जेमतेम साडेचार मीटर भरली. म्हणजे मी ज्यांना ‘नजर ठीक’ लिहिले असते त्यांतली काही मुले ठीक नव्हती. आम्ही तक्ता व्हरांड्यात नेला. मग बाईंनी मला रांगेकडे बघायला सांगितले. पाठीमागे उभी असलेली मुले पुढच्याचे ऐकून ओळ पाठ करीत होती. एक मुलगी डावा डोळा झाकताना बोटांच्या फटीतून बघत होती, आणि त्यात लबाडी नव्हती, तिला फक्त बरोबर उत्तर द्यायचे होते. बाईंनी तिच्या डोळ्यावर पोस्टकार्ड धरले आणि तक्त्याची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायला लावली. तिला तिसऱ्या ओळीपुढचे दिसत नव्हते.

पुस्तकात ही तपासणी चार ओळींत मावते, आणि त्या चार ओळींत काहीही चुकलेले नसते. आज या कामाची उत्तम चित्रफीतही मिळेल. परंतु चित्रफीत मला दिसते, चित्रफितीला मी दिसत नाही. माझी खोली आखूड आहे, माझी रांग फार जवळ उभी आहे, माझ्यासमोरचे मूल फटीतून बघते आहे, हे सांगायला माझ्याशेजारी कोणीतरी उभे असावे लागते. दम्याच्या मुलाला स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून पंप घ्यायला शिकवणे, इन्सुलिनचे पेन धरणे, फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवणे, मुलीच्या हातावरच्या वळाबद्दल तिला न घाबरवता विचारणे ही सगळी त्याच जातीची कामे आहेत.

उलट, सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासातला फार मोठा भाग अंतरावरून उत्तम शिकवता येतो. रोगाचे प्रमाण कसे काढायचे, दोन गटांची तुलना कशी करायची, लसीकरणाचे वेळापत्रक कशावर आधारलेले असते, आरोग्यसेवेचा पैसा कोठून येतो, हे सगळे पुस्तक, ध्वनिचित्रफीत आणि आठवड्यातून एकदा फोनवर भेटणारा चांगला शिक्षक यांच्या बळावर शिकता येते. कायद्याचेही तसेच आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांपर्यंत पोहोचवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याही आधी, २००३ साली, गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. शालेय परिचारिकेला ही दोन्ही कलमे तोंडपाठ हवीत, आणि ती शिकण्यासाठी पणजीजवळच्या बांबोळीपर्यंत प्रवास करण्याची गरज नाही. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनसारखी नामांकित संस्था सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदव्या वर्षानुवर्षे दूरस्थ पद्धतीने देत आली आहे, आणि त्या पदव्यांना कोणी दुय्यम मानत नाही.

मात्र हे ज्ञान शाळेच्या अंगणात उतरले नाही तर ते नुसते गुणपत्रिकेत राहते. त्याचा एक अनुभव सांगते. किशोरवयीन मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती पोटात अन्न असताना घ्यायची असते. एका हायस्कुलात सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर लगेच गोळ्या वाटल्या गेल्या. लांबच्या वाड्यांवरून पहिली बस धरून आलेल्या मुलांनी चहाखेरीज काही घेतलेले नव्हते, आणि माध्यान्ह आहाराची पाव-भाजी यायला अजून अवकाश होता. दुसऱ्या तासाला एका मुलीला उलटी झाली, तिला पाहून शेजारच्या दोघींना झाली, आणि तासाभरात सात-आठ मुली पोट धरून बसल्या. पालक धावत आले, कोणीतरी विषबाधा हा शब्द उच्चारला, आणि मला फोन आला. मी पोहोचेपर्यंत मुली सावरल्या होत्या. पण त्यानंतर वर्षभर त्या शाळेतल्या गोळ्या कपाटात पडून राहिल्या. नोंदवहीत मात्र दर सोमवारी वाटपाच्या खुणा होत होत्या. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही, वेळ कोणती पाळायची हे त्यांना एका धावत्या प्रशिक्षणात कोणीतरी वाचून दाखवले असेल. शाळेत परिचारिका असती तर तिने गोळ्या जेवणानंतर दिल्या असत्या, पहिल्या उलटीला त्या मुलीला बाजूला नेले असते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या सोमवारी पालकांसमोर उभी राहून तिने गोळ्या पुन्हा सुरू केल्या असत्या.

यावर कोणी म्हणेल, की मग सगळे शिक्षण बांबोळीतच का घेऊ नये? तेथे गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहेच. त्याचे उत्तर आमच्या ड्यूटीच्या तक्त्यात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक परिचारिका दोन वर्षांच्या रजेवर गेली, तर तिच्या जागी बहुतेक वेळा कोणी येत नाही. तिचे लसीकरणाचे दिवस, तिच्या गरोदर बाया, तिच्या क्षयरोग्यांच्या गोळ्या दुसरीच्या माथी येतात. म्हणून वरिष्ठ रजा देत नाहीत, आणि दिली तरी वाळपईहून बसने रोज जाऊन-येऊन चार तास घालवणारी बाई शिकणार काय आणि घरी स्वयंपाक करणार केव्हा, हा प्रश्न राहतोच. परिचारिका बहुसंख्येने स्त्रिया आहेत, त्यामुळे त्यांच्या उच्च शिक्षणाचा विचार करताना घर हा विषय परिशिष्टात टाकून चालत नाही.

येथे नियमांची अडचण पुढे येते, आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या विनियमांनंतर वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, भौतिकोपचार यांच्याबरोबर नर्सिंगही दूरस्थ पद्धतीने न चालवायच्या विषयांत मोडते. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने आणखी पुढे जाऊन २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली येणारे मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण असे विषयही दूरस्थ शिक्षणातून वगळले. या बंदीमागचे कारण मला माझ्या लॉगबुकाच्या थप्पीत दिसते, त्यामुळे मी तिला सरसकट चूक म्हणणार नाही. सुई टोचायला कधीच न शिकलेली परिचारिका घरबसल्या पदवी घेऊन बाहेर पडू नये, हे योग्यच आहे. फोनवर ‘घरबसल्या पब्लिक हेल्थची मास्टर्स’ अशा जाहिराती येत असतात. तरुण मुलींनी पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचे आणि त्या अभ्यासक्रमाचे, दोन्हींची नावे शोधावीत. नुसत्या विद्यापीठाचे नाव सापडले म्हणून अभ्यासक्रम मान्य ठरत नाही.

परंतु नोंदणीकृत परिचारिकेला, जिचा हात आधीच रुग्णालयात तयार झाला आहे तिला, पुढचे शिक्षण देणे ही निराळी गोष्ट आहे, आणि केंद्र सरकारनेच ती करून दाखवली आहे. आरोग्य मंत्रालय आणि इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) यांनी २०१७ पासून परिचारिकांसाठी समाज आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला. वाचन स्वयंअध्ययनाने, आणि शिकवणी व प्रात्यक्षिके जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणच्या अभ्यासकेंद्रात व त्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रांत, अशी त्याची घडण होती. आज ज्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्या उपकेंद्रांत देशभर बसणारे अनेक समुदाय आरोग्य अधिकारी याच वाटेने आले. उपकेंद्रासाठी हे जमले, तर शाळेसाठी का जमू नये, याचे उत्तर आरोग्य खात्याने आणि शिक्षण खात्याने मिळून द्यावे. भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आधी घ्यावी लागेल, २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाल्याने त्या बदलत्या व्यवस्थेशीही जुळवून घ्यावे लागेल, आणि हे काम कागदोपत्री किचकट आहे, याची मला कल्पना आहे.

परदेशातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शाळेत काम करायला नुसती परिचारिका असून भागत नाही. पदवी आणि नोंदणी असलेल्या परिचारिकेला आधी पाच वर्षांचा तात्पुरता परवाना मिळतो, आणि त्या मुदतीत तिने शालेय परिचर्येचा मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा केला आणि दोन वर्षे शाळेत काम केले, तरच कायम परवाना मिळतो. तेथील सरकारी विद्यापीठे हा अभ्यासक्रम बव्हंशी ऑनलाइन चालवतात, कारण शिकणारी प्रत्येक जण कोठल्या तरी शाळेत नोकरी करीत असते. प्रात्यक्षिके ती राहते त्याच भागात, अनुभवी शालेय परिचारिकेच्या देखरेखीखाली होतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली प्रत्येक शाळेला एक पूर्णवेळ परिचारिका असावी अशी शिफारस केली. त्यांनाही ती सर्वत्र अमलात आणता आलेली नाही, आणि आपण लगेच तेथवर पोहोचू असे मी म्हणत नाही.

गोव्याला मात्र एक सोय आहे जी त्यांना नाही. आपले राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे आहे. केरीची परिचारिका सकाळी निघून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात संपर्क सत्र करून रात्री घरी येऊ शकते, काणकोणची मडगावला जाऊन परत येऊ शकते. म्हणून आपल्याकडच्या दूरस्थ शिक्षणात पंधरवड्यातून एक शनिवार समोरासमोर बसणे अवघड नाही. सिद्धान्त घरी, शनिवारी म्हापसा किंवा मडगाव, आणि प्रात्यक्षिक आपल्याच तालुक्यातल्या शाळेत, असा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आखावा. एका मार्गदर्शक परिचारिकेकडे सहापेक्षा अधिक विद्यार्थिनी देऊ नयेत, कारण शंभर वह्यांच्या थप्पीवर सह्या होतात त्या माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, थप्पी शंभरांची असते म्हणून. लॉगबुकाच्या प्रत्येक नोंदीत शाळा, तारीख आणि मार्गदर्शकाने काय सुधारले ही एक ओळ सक्तीची असावी. ‘तक्ता साडेचार मीटरवर होता, व्हरांड्यात नेला’ असे लिहिलेली वही खोटी असू शकत नाही. आणि अंतिम परीक्षा दुसऱ्या तालुक्यातल्या परीक्षकाने, अनोळखी शाळेत, अनोळखी मुलांवर घ्यावी.

प्रबंधासाठी मोठाले विषय देऊ नयेत. शाळेचे हजेरीपुस्तक हा सार्वजनिक आरोग्याचा पहिल्या प्रतीचा दस्तऐवज आहे आणि तो कोणी वाचत नाही. न्यूयॉर्कमधल्या त्या प्रयोगाचे यशही शेवटी मुले शाळेत परत येण्यावरच मोजले गेले होते. प्रत्येक विद्यार्थिनीने एका शाळेचे एका वर्षाचे हजेरीपुस्तक घेऊन बसावे आणि गैरहजेरीमागची कारणे घरी जाऊन शोधावीत. महिन्यातून ठरावीक दोन-तीन दिवस गैरहजर राहणाऱ्या मुली सापडतील आणि त्याचा संबंध बहुधा शाळेच्या शौचालयातल्या नळाशी निघेल. पावसाळा सरताना एकाच वाड्यावरची पाच मुले तापाने घरी असतील, तर डेंग्यूचा संशय आरोग्य केंद्राच्या आधी शाळेला येईल. आमच्या सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचा उपद्रव सुरू झाला. तो नेमका काजूच्या हंगामात वाढतो, कारण माणसे बोंडू गोळा करायला रानात जातात आणि गोचीड अंगावर चढतो. आईवडिलांबरोबर पहाटे बागायतीत जाऊन मग शाळेत येणारी मुले कोणती, हे वर्गशिक्षिकेला माहीत असते आणि गोचीड कसा काढायचा हे परिचारिकेला माहीत असते. या दोघींची गाठ घालून देणे म्हणजेच शालेय परिचर्या. गोव्याला २०२१ साली रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित केले गेले, त्यामागे कुत्र्यांच्या लसीकरणाबरोबरच शाळाशाळांतून मुलांना दिलेले धडेही होते, हे येथे आठवावे.

आणखी एक मुद्दा समुपदेशकांचा. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळतात, ही आपल्या राज्याची जमेची बाजू आहे. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगत’ या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील हायस्कुलांत एक मोठी चाचणी घेतली होती, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शालेय वातावरण, नैराश्य, दादागिरी या बाबतींत नेमलेल्या समुपदेशकाने राबवलेल्या उपक्रमाचा चांगला परिणाम दिसला, आणि तोच उपक्रम शिक्षकांकडे सोपवला तेथे तसा परिणाम दिसला नाही. हे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, त्या कामासाठी प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. म्हणजे कामासाठी वेगळा माणूस आणि त्या माणसाला वेगळे प्रशिक्षण, या दोन्हींनी फरक पडतो. शिक्षकांवर आणखी एक दूतपद चढवण्याआधी धोरणकर्त्यांनी आपल्याच मातीतल्या संस्थेचे हे संशोधन वाचायला हवे.

पदाचा प्रश्न थोडक्यात सांगते. अभ्यासक्रम झाला आणि पद झाले नाही, तर शिकलेली परिचारिका पुन्हा बाह्यरुग्ण विभागात केसपेपर लिहीत बसेल. उच्च शिक्षण घेऊन तेच काम करणाऱ्या पुष्कळ जणी मी पाहिल्या आहेत. प्रत्येक शाळेला एक परिचारिका आज परवडणार नसेल, तर जवळच्या चार-पाच शाळांचा गट करून एक द्यावी, पण तिच्या नेमणुकीच्या आदेशात ‘शालेय परिचारिका’ हे शब्द असावेत आणि लसीकरण मोहीम निघाली की तिला पहिली उचलून नेऊ नये.

शेवटी भाषेविषयी. या अभ्यासक्रमाचे साहित्य इंग्रजीत असायला हरकत नाही, संदर्भग्रंथ त्याच भाषेत आहेत. परंतु प्रात्यक्षिकाची परीक्षा ज्या भाषेत मूल बोलते त्याच भाषेत व्हावी. सत्तरीतले, पेडण्यातले मूल शाळेत मराठी लिहिते आणि दुखते तेव्हा कोंकणीत सांगते. ‘पोटांत दुखता’ एवढे म्हणून ते गप्प बसते. मग भूक, भीती, जंत, पाळी की आणखी काही, हे त्याच्याच शब्दांत विचारून काढावे लागते. जी परिचारिका हे परीक्षकासमोर इंग्रजीत उत्तम समजावून सांगेल पण मुलासमोर अडखळेल, तिच्या वहीत त्या रकान्यावर सही होऊ नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सार्वजनिक आरोग्य परिचारिका
वाळपई, सत्तरी